साडेसत्तावीस

समादेवी गल्लीत, सायकलच्या दुकानाआड,
गौस सनदीनं डबा उपडा केला काचेवर :
चमचे, रबरी कोळंबी, शिशाचे मासे,
लाल तोंडाचा एक लाकडी,
पाण्यावर थुंकत जातो म्हणे.

'कुठला मासा पाहिजे ओ तुम्हाला?'

काय सांगू.
मार्कंडेयच्या डोहाला गांडूळ लावून बसणारा मी.
समुद्र पाहिला तो एसटीच्या खिडकीतून, एकदा, कारवारच्या पुलावर.
उद्या माजाळी. मेव्हणा म्हणतो,
गुडघाभर लाटेत उभं राहून फेकायचं.

'मग लांब जाणारा घ्या की.
वारं तोंडावरच येतंय तिथं.
हलका घेतलासा तर पायातच पडंल.'

उद्यमबागेत एकतीस वर्षं लोखंड ओतलं.
हात आपसूक गेला एका लांबुडक्या शिशाकडं.
पोटाला साच्याची शिवण तशीच,
कानस लागलेली नाही.
आमच्यात असला तुकडा परत भट्टीत.
'दुसरा दाखवू?'
नको.

'तीस ग्रॅम,' गौस म्हणाला.
तळव्यावर तोलून म्हटलं, अठ्ठावीस.
तो हसला. शेजारच्या सराफाकडं घेऊन गेला.
येताना हसत नव्हता.
दहा रुपये सोडले.

रात्री ओट्यावर पेपर पसरून
शिवण घासत बसलो.
गळाच्या टोकांना बुचाचे तुकडे, बसमध्ये कुणाला लागायला नकोत.
मालन म्हणाली, पीठ मळायचंय मला, आवरा.
भुकटी पेपरात गुंडाळली, टाकली नाही.

साडेसत्तावीस असेल आता.
वाऱ्याला एवढं कळतंय का,
गौसला विचारायचं राहिलं.