बूच

नाना पेठेत माझं दुकान, सात फूट बाय नऊ.
भिंतभर खिळे, खिळ्यांना पॅकिंगं,
भंगारात गेलेल्या गाड्यांच्या आकारांची.
बुचाची शीट अंथरायची, वर जुनं पॅकिंग,
पेन्सिल फिरवायची, पंच मारायचा.
बत्तीस वर्षं हेच.

मार्चात अर्देशीर सेठ आले.
काखेत पेपरात गुंडाळलेलं टॅपेट कव्हर,
शाळेच्या जुन्या स्वराज माझदाचं.
"ऑइल गळते, सदबा."
मी म्हटलं, देतो. पण माझदा म्हणजे काय हो?
एवढी कापली, कधी विचारलंच नाही.

सेठनी टोपी सारखी केली.
"आमच्या देवाचं नाव. अहुर मझ्द.
आणि तिकडचा मालक मात्सुदा.
दोन्ही जुळलं, ठेवून दिलं."
आपल्याकडेही चालतं की,
वर देव, खाली पोराचं नाव, पुढे ऑटो पार्ट्स.

"पण सुरुवातीला गाडी नव्हतीच," सेठ म्हणाले,
"बूच होतं.
शंभर वर्षांपूर्वी, हिरोशिमात.
झाडाची साल सोलायची, भुगा दाबायचा."
माझा हातोडा वरच राहिला.
"मग परदेशी बूच पुन्हा यायला लागलं,
धंदा बसला, म्हणून मशिनं, म्हणून टेम्पो.
पुढे एक चाक, मागे ओझं."

सहा ऑगस्टला
कारखाना आणि शहर यांच्यामध्ये एक टेकडी होती.
केवढी?
"पर्वतीएवढी. थोडी बुटकीच."
काचा गेल्या, छपरं उचकटली, भिंती राहिल्या.
शहरातून चालत आलेली माणसं आत निजवली,
दवाखाना तिथंच, सरकारी कचेरी तिथंच.
डिसेंबरात फाटकातून पुन्हा तीन चाकं बाहेर.
सेठ बोलता बोलता मान वळवून बघत होते.
पर्वती इथून दिसत नाही.

मग म्हणे एक इंजिन केलं, पिस्टनच नाही,
आत तिकोना गरगर फिरतो.
त्याच्या टोकांनी भिंतीवर ओरखडे पडायचे,
सैतानाची नखं म्हणायचे त्यांना.
इंजिनामागून इंजिन वाया,
आणि इलाज कुठं, तर टोकावर बसणाऱ्या
बोटाएवढ्या सीलमध्ये.

"म्हणजे पॅकिंगच की!"
मी एवढा ओरडलो
की समोरचा बेअरिंगवाला चहा टाकून आला.

"बस पुढच्या महिन्यात भंगारात," सेठ म्हणाले.
मग आता कशाला खर्च?
"महिनाभर पोरं बसणार ना त्यात."

मी दोन कापली.
एक त्यांनी नेलं, पेपरात न गुंडाळता,
पापडासारखं तळहातावर धरून.
दुसरं खिळ्याला टांगलं,
वर पेन्सिलीनं लिहिलं, माझदा.
अजून काहीतरी लिहावंसं वाटत होतं.
पेन्सिल तशीच धरून उभा राहिलो,
मग भाव लिहिला, चाळीस.