नरसाळं

कार्डिंग खात्यात बाप बत्तीस वर्षं कापूस गिळत होता
आणि शनिवारी पाळी सुटली की
बारीटोनातून तो बाहेर काढत होता.
हे त्याचंच म्हणणं.
ईएसआयच्या डॉक्टरला पटलं नाही.

डिलाईल रोडच्या गच्चीवर अकरा जण बसत.
धाकू मास्तर लष्करातून सुटलेला,
नोटेशन वाचणारा तो एकटाच.
बाकीचे कानाने वाजवणारे,
आणि ते कान साच्यांनी अर्धे खाल्लेले.
म्हणून मास्तर फळीवर पाय आपटायचा,
ताल तळव्यांतून वर चढायचा.

गणवेश मिलच्याच कापडाचा, सेकंड माल,
तांबडा, ताग्याला शेवटपर्यंत एक तेलकट डाग.
डाग झाकायला सगळ्यांच्या डाव्या दंडावर सोनेरी पट्टी.
लोक म्हणायचे, काय रुबाब!

आई चिंचेच्या कोळाने पितळ घासायची.
त्यात आमची तोंडं सुजल्यासारखी दिसायची,
जेवल्यासारखी.

मॅनेजरच्या पोरीच्या वरातीत वाजवलं,
युनियनच्या मोर्चात वाजवलं,
तेच कपडे, चालही जवळजवळ तीच.
विठू जॉबरला पोचवायला गेले
तेव्हा तेवढी सावकाश.

संपाच्या सातव्या महिन्यात मोडवाला जिना चढून आला.
साडेचार किलो भरलं.
पोत्यात मावेना म्हणून त्याने तिथेच, पायरीवर,
घण घातला. चार वेळा.
बाप तंबाखू मळत होता,
मळतच राहिला.

फुंकायचा तुकडा तेवढा वाचला.
बापाच्या खिशात राहिला होता
की बापाने ठेवला होता, कुणी विचारलं नाही.
आईने त्याचं नरसाळं केलं.
रेशनचं रॉकेल स्टोव्हमध्ये ओतताना
थेंब सांडत नसे.

मग गल्लीत बेंजो आला, कॅसेटी आल्या,
अकरांतले सहा गावी गेले, एक वॉचमन झाला,
तांबड्या कोटाची आईने उशी शिवली.
पट्टी उसवली तर खाली डाग होताच.

केईएममध्ये शेवटी
बापाच्या उजव्या हाताची तीन बोटं
चादरीवर खालीवर होत होती.
नर्सला वाटलं, कळ येतेय. इंजेक्शन आणायला गेली.
धाकू मास्तर स्टुलावर बसून बराच वेळ
त्या बोटांकडे बघत राहिला.
मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, म्हणाला:
अंतऱ्याला घाई करतोय.
पहिल्यापासून करतो.