भाकड

मामा दात बघत नाही.
जबडा उघडतो, आत डोकावतो,
एक उसासा सोडतो. तो उसासा पाचशे रुपयांचा.
खरं बघतो तो मालकाकडे :
दावं सोडताना हात थांबतो का,
गाईचं नाव घेतो की नुसतं 'ती' म्हणतो.
'ती' म्हणणाऱ्याशी फार घासाघीस करायची नाही, मामा सांगतो,
त्यानं मनात कधीच विकलेली असते.

मी बी.कॉम. झाले म्हणून वही माझ्याकडे.
फेब्रुवारीत अकरा आणल्या चरावण्याला.
एक तीन थानांची, एक खुरं वाढलेली,
एक चार वेळा सुई देऊनही न धरलेली,
एक जर्सी, जिची आता फक्त हाडंच जर्सी.
सगळ्यांच्या कानांत पिवळे बिल्ले,
बिल्ल्यावर बारा आकडे.
बेरजेला त्यातला एकही लागत नाही.

मार्चपासून भट्ट्या पेटतात.
बोंडू तुडवून रस गेला की मागे राहिलेला चोथा
मामा फुकट उचलतो, वर भट्टीवाल्यावरच उपकार :
'तुझी घाण न्हेतो रे बाबा.'
पेंढ्यात मिसळायचा, मूठभर मीठ, आणि बेतानं.
एकदा बेत चुकला तेव्हा जर्सी दोन दिवस झिंगली,
फणसाला टकरा देत राहिली.
मेअखेर बरगड्या बुजतात, पाठ भरते,
कातडीवर जरा उजेड येतो.
खर्चाच्या रकान्यात मी लिहिते : मीठ, दोर, डिझेल.
शेवटच्या रकान्याला मामा नफा म्हणत नाही,
'वाढ' म्हणतो.

सात जूनआधी गेल्या.
कुठे, ते वहीत नाही.
टेम्पो उसगावच्या बाजूनं जाऊन आला
की मामा आधी आंघोळ करतो, मग जेवतो,
मग मला आकडा सांगतो.

आठवी अस्नोड्याच्या किटेरिनबायची.
नऊ हजारांना घेतली होती.
दावं सोडताना म्हातारीचा हात थांबला नव्हता,
पण नाव घेतलं होतं. फ्लोरी. दोनदा.
मामानं ती पीर्णच्या म्हाबळू गांवसाला दिली,
साडेचौदाला, मिरचीच्या मळ्यात शेण हवं म्हणून.
तिसऱ्या रात्री तिनं खुंटा उपटला.
सकाळी किटेरिनबाय दार उघडते
तर ही पायरीशी बसून रवंथ करतेय,
गळ्यात आमचा चाळीस रुपयांचा दोर.

म्हाबळू आला, तोंडाला येईल ते बोलला, ओढून नेली.
पुन्हा आली. पुन्हा नेली.
तिसऱ्यांदा म्हातारीनं उशीखालून बँकेचं पुस्तक काढलं.
सोळा हजार.
मध्यस्थ म्हणून मामाला बोलावलेलं,
दोन्हीकडून पाचपाचशे.
मी पडवीत बसून नोटा मोजल्या.
फ्लोरी तिच्या जुन्या जागी उभी होती,
जणू गोठ्याचं भाडं थकलं होतं आणि ते कुणीतरी फेडलं.

परतताना मी विचारलं,
मामा, नेमकं पीर्णचंच गिऱ्हाईक कसं मिळालं?
वाळपईत शेण नको होतं कुणाला?
तो गिअर बदलत राहिला,
जिथे बदलायचा नव्हता तिथेसुद्धा.
डिचोली गेल्यावर म्हणाला,
'लांबचं परवडत नाही गं. डिझेल.'

दारात तिघी अजून उभ्या आहेत.
चोथा संपला, आता पाल्यावर दिवस काढतायत,
रोज थोडी थोडी वाढ परत करतात.

वहीत आठवीसमोर लिहिलं :
खरेदी नऊ, विक्री साडेचौदा, दलाली एक.
शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.
साऱ्या वर्षातली सगळ्यात चांगली वाढ,
आणि गाय जिवंत.

त्या रात्रीही मामानं
आधी आंघोळ केली.