तेवीस आणि बत्तीस

तळघरातल्या ट्यूबलाइटला आम्ही पिवळा कागद गुंडाळलाय,
निळाजांभळा उजेड या तंतूंना बाधतो.
गंगापूर रोडवरून कुणी आलं की दारातच विचारतं,
खोलीला कावीळ झाली का?

तंतू जेमतेम मिलिमीटरभर जाड.
फार वाकवला तर आतल्या आत तडकतो, आवाज करत नाही.
टोकं घासायची: खरखरीत कागद, मऊ कागद, शेवटी हिऱ्याची पूड,
इंग्रजी आठ गिरवत राहायचं पहिलीतल्या पोरासारखं,
भिंगाखाली चरा दिसेनासा होईपर्यंत.
एका टोकाला पाऊण तास. तंतू चौसष्ट,
चार थर, थराला सोळा.
माझा अंगठा अजून गुळगुळीत आहे,
रेशनच्या दुकानातलं यंत्र मला ओळखत नाही.

दुसऱ्या टोकाला संवेदक,
तळहातात मावणारी खिडकी, आठ घरं आडवी, आठ उभी,
घरागणिक एक डोळा.
उजेड आला एवढं सांगून तो थांबत नाही,
कुठे आला तेही सांगतो.
अंधारातही बरळतो अधूनमधून, म्हणून
वरच्या थराने आणि खालच्या थराने
एकाच क्षणी साक्ष दिली तरच आम्ही मानतो.

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत पेटी बंद केली.
द्राक्षं हातगाड्यांवर आली तरी रेघ सरळ येईना.
म्यूऑन गच्चीवरची टाकी, दुसऱ्या मजल्यावरचा मराठीचा वर्ग,
सगळं ओलांडून सरळ खाली येतो, त्याला वळायला सवड नसते.
आमच्या पडद्यावर मात्र काही काही रेघा
दुसऱ्या थरात उडी मारायच्या, नऊ तंतू पलीकडे,
तिसऱ्यात परत जागेवर.

वीजपुरवठा बदलला. ओजसने प्रोग्राम तीनदा लिहिला.
खैरनार सरांनी स्क्रूच्या भोकांवर काळी टेप लावली,
मग टेपवर टेप.
मी मनातल्या मनात विश्वाला दोष देऊन पाहिला.

गायधनी काका आमच्याकडे किल्ल्या सांभाळतात.
आयुष्य नाशिकरोडच्या छापखान्यात गेलं, तपासणीच्या टेबलावर,
केसभर सरकलेला आकडा शोधण्यात.
चहा ठेवता ठेवता पडद्याकडे पाहिलं त्यांनी.
"दोघं एकमेकांच्या घरात राहताहेत," म्हणाले,
"हा नि हा."

वही काढली.
त्या रात्री मी तंतू मोजून सांगत होते, ओजस लिहीत होता.
तेवीस, मी म्हटलं.
त्याने 'ते' ऐकलं, तीन मांडला. 'वीस' ऐकलं, दोन.
बत्तीसला पुन्हा तेच, आधी दोन, मग तीन.
इंग्रजी शाळेतला मुलगा; बाकीचे सावरले त्याने, हे दोन निसटले.
एकक आधी बोलायचं, दशक मागून,
यात काही अवघड असेल असं
मला जन्मात वाटलं नव्हतं.

तंतू गोंदाने बसलेत, उपटता येत नाहीत.
प्रोग्राममधली एक ओळ बदलली, बस.
पेटीत तेवीस अजून बत्तीसच्याच दारात उभा आहे.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिली सरळ रेघ.
काकांनी विचारलं, हे आत्ता माझ्या डोक्यातून गेलं असेल का?
सर म्हणाले, मिनिटाला शे-दोनशे जातात.
काकांनी टोपी काढली,
डोक्यावरून हात फिरवला, पाहिला,
टोपी परत घातली.
आवरा आता, म्हणाले, कुलूप लावायचंय.