शिट्टी

जळगाव–चोपडा शेवटची गाडी
डेपोत लागते पावणेअकराला.
हिशेब, सह्या, रोकड मोजून दिली
की माझ्याकडे उरते रिकामी बॅग
आणि घरापर्यंतची अठरा मिनिटं.
बॅग रिकामी आहे, हे मला माहीत.
अंधाराला कोण सांगणार?

आधी मनात आली सुरी,
भाजीचीच, काळ्या मुठीची.
अडावदला उतरणारे हवालदार पावरा म्हणाले,
ताई, नको.
समोरच्यानं मनगट धरलं, तर सुरी त्याची.
नाही धरलं, तर कागद तुमचे.
कागद म्हणजे काय ते मला कळतं,
एका अर्ध्या तिकिटापायी
तीन मेमो घेतलेत मी.

मग तिखट. घरचं, लवंगी मिरचीचं.
चैत्रात पुडी फुटली बॅगेत
आणि धानोऱ्यापर्यंत अख्खी गाडी शिंकली.
दहाच्या नोटा तर दुसऱ्या दिवशीही.
कॅशियर म्हणाला, बाई,
आज भरणा करताय का फोडणी?

फवाराही मागवला, पोस्टानं आला.
बारीक अक्षरात लिहिलेलं, आधी वारा बघा.
वैशाखातला आमचा वारा
कोणाच्या बाजूनं असतो?

किल्ल्या बोटांत धरून
मोरीच्या भिंतीवर मारून पाहिलं एकदा.
भिंतीला काही झालं नाही.

डेपो झाडणारी झुंबराबाई
हे सगळं बघत होती.
खराटा थांबवून म्हणाली,
"हातमा शे ते हत्यार, व माय.
झोळीमा शे ते वझं."

त्या संध्याकाळी बॅग उपडी केली.
काय काय निघालं:
कंगवा, तीन पेनं, केळीच्या गाडीवाल्याची पावती,
पोराचा गेल्या वर्षीचा फोटो.
सैफुद्दीनभाईंकडून छोटी टॉर्च घेतली, तळहातात मावणारी,
आणि पंधरा रुपयांची शिट्टी.
दोन्हींविषयी कुठल्याच कलमाला
काही म्हणायचं नसतं.

पौषातली गोष्ट.
जिनिंगच्या मागे, दिवा गेलेल्या खांबाखाली
माझ्या पावलांत आणखी पावलं मिसळली.
मी थांबले, ती थांबायला
अर्धं पाऊल उशीर झाला.

वळले. टॉर्च सरळ डोळ्यांत.
त्यानं हात आडवा धरला,
म्हणाला, वहिनी, टाइम काय झाला?
मनगटावर त्याच्या घड्याळ होतं.
शिट्टी ओठांत घेतली, फुंकली,
आणि नुसती हवा.
वीस वर्षं गाडी थांबवतेय, सोडतेय मी,
आणि नुसती हवा!

दुसऱ्यांदा वाजली.
कुत्री उठली, जिनिंगचा वॉचमन
मफलर सावरत फाटकाशी आला.
माणूस केव्हा गेला, कुठल्या बोळात,
दिसलं नाही.
त्याला काय हवं होतं मला आजही ठाऊक नाही.
विचारायला मी थांबले नाही.
घरी कुलूप उघडायला मात्र
अठरा मिनिटांहून जास्त लागली, असं वाटतं.

सकाळी विदगावला चढलेली पोर,
नर्सिंगची, पास दाखवताना
माझ्या गळ्यातल्या दोरीकडे बघत राहिली.
मॅडम, ही कुठं मिळते?
दुकान सांगितलं. किंमत सांगितली.
गाडी तापीच्या पुलावर होती, खडखडाट फार,
म्हणून वाकून, तिच्या कानाशी:
आधी घरी फुंकून बघ.
दार लावून, दहादा.
पहिल्यांदा आवाज फुटत नाही.