वळसा

पत्रिकेत माझं नाव सातवं आलं.
वर साडू, व्याही, सोसायटीचा चेअरमन,
मग आम्ही, शांतवीर गुरुपादप्पा,
त्यातला शेवटचा 'पा' घडीत गेलेला.

भर मांडवात म्हणालो,
मन्मथच्या गल्लीत पाय ठेवला
तर बापाचं नाव लावणार नाही.
लोकांनी ऐकलं.
आता ते खरं करणं आलं.

अकरा वर्षं झाली त्याला.
घरापासून गिरणी दोनशे पावलं,
मन्मथच्या दुकानावरून.
मी जातो किल्ल्याच्या अंगानं,
मग डेअरी, मग मोंढा,
खांद्यावर ज्वारीचा डबा.
कुणी विचारलंच तर सांगतो,
आपण कुणाचे मिंधे नाही,
मनाला येईल त्या वाटेनं जातो.

नीलम्मा सरळ गल्लीतून जाते.
त्यांच्याकडं चहा पिऊन येते
आणि मला काही सांगत नाही.
मीही विचारत नाही.
कुलूप मीच लावलेलं, किल्ली माझ्याच खिशात,
पण खिसा शिवून टाकलाय.

काल मोंढ्याचा रस्ता खोदला, नळासाठी.
पोकलेन आडवं उभं. डबा खांद्यात रुतलेला.
शिरलो गल्लीत.
कुणी काही बोललं तर काय बोलायचं,
तीन वाक्यं तयार ठेवली,
तिसरं जरा जहरी.

दुकान आलं.
मन्मथ खुर्चीत झोपलेला, तोंड उघडं,
कवळी काढून वाटीत.
त्याचा नातू मोबाइलात. मान वर न करता म्हणाला,
"आजोबा, गिरणी बंद हाय. लाइट गेली."

एवढंच.

खरं सांगतो, आधी रागच आला.
उदगीरभर गाजवलेला पण मोडला
आणि बघायला कुणी नाही.
खोकलो. झाकण वाजवलं.
मन्मथचं घोरणं एकदा अडखळलं, पुन्हा लागलं.

मग डबा उतरवला आणि पायरीवर टेकलो.
खांद्यावर वारं लागलं.
समोरून माणसं गेली, शेळ्या गेल्या,
कुणाच्याच लेखी मी सातवा नव्हतो
की पहिला.
वाटीतली कवळी तेवढी हसत होती,
बहुतेक माझ्यावर.
हसू दिलं.

तासाभरानं गिरणीचा पट्टा फिरायला लागला.
भरला डबा एकट्यानं उचलत नाही,
खालून एक हात लागतो.
पोराला हाक मारायला तोंड उघडलं

आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.