उस्तादांची मोटर

फेब्रुवारीत, थंडी पुरती गेली नव्हती तेव्हा,
याकूब उस्ताद हंसापुरीत माझ्या दुकानी आले,
पिशवीतून कूलरची मोटर काढून काउंटरवर ठेवली.
"ज्ञानेश, माझे डोळे आता तार धरत नाहीत. ही तू भर."
बस, एवढंच. चहासुद्धा नाही घेतला.

मी मोटर फळीवर ठेवली
आणि खडूने तिच्यावर लिहिलं: उद्या.

त्या उद्यानंतर मी एक्याऐंशी मोटरी भरल्या.
बजेरियातल्या लॉजच्या अकरा, सगळ्या सारख्याच जळालेल्या,
नंदनवारांच्या मंगल कार्यालयाचा एक्झॉस्ट,
कुणाचा तरी मिक्सर, जे माझं कामच नाही.
कोणी आळस म्हणेल,
पण आळशी माणूस रात्री साडेअकराला
दुसऱ्याचा मिक्सर खोलून बसत नाही.
मी फळी दोनदा साफ केली.
दोन्ही वेळा ती मोटर उचलली, खालची धूळ पुसली,
परत ठेवली.

वनिता विचारायची, "उस्तादांचं झालं का?"
"होऊन राहिलं."
आमच्या नागपुरात हे फार सोयीचं क्रियापद आहे.
काम सुरू नसतं, थांबलेलंही नसतं,
नुसतं राहिलेलं असतं.

मोमिनपुऱ्यातून जाणं सोडलं मी.
गोळीबार चौकाचा वळसा, रोज, भर उन्हात.
कारण हा माणूस डोळे मिटून
कॉइलवर अंगठा फिरवायचा
आणि सांगायचा, "इथं एक वेढा चढला, बे."
मी एकोणीस वर्षांचा होतो.
त्या अंगठ्याखाली अजूनही एकोणीसचाच आहे.
न भरलेल्या मोटरीत
माझी एकही चूक नव्हती.

नवतप्याचा तिसरा दिवस. शटर अर्धं खाली.
त्यातून वाकून उस्तादांची नात आत आली, सुमैया,
तोंडाला ओढणी बांधलेली.
"नानांनी नाही पाठवलं. मीच आली.
ओला टॉवेल पांघरून झोपून राहिले ते.
मी चिडली तर म्हणतात, घाई नको करू त्याला,
पहिला वेढा जड जातो त्याला. आधीपासूनच."

आधीपासूनच.
म्हणजे जे मी तीन महिने फळीवर लपवलं
ते त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच मोजून ठेवलं होतं.

ती गेल्यावर मी छिन्नी घेतली.
आधी भरायचं नसतंच, आधी जळालेलं काढायचं असतं:
काळी, ठिसूळ, करपट वासाची तार.
ते काढताना चूक होत नाही, कोणी अंगठा फिरवत नाही.
रोज हेच करतो मी,
पण हीच सुरुवात असते हे
कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग कागद. मग तार. मग एक.
एकशे बारावर मोजणी चुकली, उलगडलं, परत एक.
तिसऱ्या कॉइलला एक वेढा दुसऱ्यावर चढला.
बोटाला कळलं.
मोटर चालायला त्यानं काही अडत नव्हतं,
अडत होतं ते मलाच.
तो वेढा मी काढला नाही.
काढला असता तर परत फेब्रुवारी आला असता.

व्हार्निश लावून टिनावर ठेवली.
ज्या उन्हाला गाव शिव्या देतं
त्यानं ती दिवस मावळायच्या आत पक्की वाळवली.

उस्तादांनी डोळे मिटले. अंगठा फिरला.
एका जागी थांबला.
मी छताकडे पाहत होतो.
"इथं," ते म्हणाले.
आणि मग, "लाव."

कूलर आधी धूळ ओकला,
मग गेल्या वर्षीच्या वाळ्याचा शिळा वास,
मग वारा.

घरी आलो तर वनिता ताट वाढत होती.
"बँकेत ते केवायसीचं झालं का तुमचं?"
तोंडात 'होऊन' आलं होतं.
पुढचा शब्द मी भाकरीसोबत गिळला.